लँथॅनम निकेलेटमधली निकेल ऑक्साइडची शिखरं भट्टी वाढवून का जात नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. लँथॅनम ऑक्साइड आणि निकेल ऑक्साइड खलात घोटून लँथॅनम निकेलेट बनवायचा आहे, म्हणजे लँथॅनम एक, निकेल एक, ऑक्सिजन तीन. ९०० अंश सेल्सिअसला १२ तास भाजलं तर एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत, निकेल ऑक्साइडची शिखरं दिसतात. म्हणून १००० केलं, मग ११००. शिखरं कमी व्हायच्या ऐवजी वाढली. पूड दाबून केलेल्या चकतीचा विद्युतरोध दर वेळी वेगळा येतो. शिवाय एक्सआरडीच्या कोनात ३१ ते ३२.५ अंशांच्या पट्ट्यात दोन अनोळखी शिखरं आली आहेत, तर हा एखादा नवा पदार्थ समजायचा का?

आधी तातडीचं सांगतो: अजून तापवू नका. ११००ला तुम्ही जे बनवायचंय तेच मोडताय. बाकीचं नीट कळायला एक छोटा हिशोब करून बघा.

पाच ग्रॅम निकेलेट हवा असेल तर लँथॅनम ऑक्साइड ३.३१७ ग्रॅम आणि निकेल ऑक्साइड १.५२१ ग्रॅम लागतो. बेरीज ४.८४ ग्रॅम होते. उरलेले ०.१६ ग्रॅम कुठून येणार? भट्टीतल्या हवेतून. निकेल ऑक्साइडमधला निकेल +२ असतो, तुम्हाला हव्या असलेल्या पदार्थात तो +३ आहे, आणि तो फरक भरून काढणारा ऑक्सिजन तुम्ही तराजूवर ठेवलेलाच नाही. धातू आपण चौथ्या दशांशापर्यंत तोलतो, पण ऑक्सिजन भट्टीवर सोडून देतो. ऑक्साइडांच्या कामात ज्या गोष्टी 'दर वेळी वेगळ्या' येतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक माझ्या अनुभवात इथूनच निघतात.

आता ११०० अंशांना काय होतं ते पाहू. तापमान जितकं वाढेल तितका घन पदार्थ वायू सोडून द्यायला राजी होतो, कारण वायूची एन्ट्रॉपी, म्हणजे कणांच्या विखुरलेपणाचं माप, प्रचंड असते आणि ती तापमानाने गुणली जाते. +३ निकेल मुळातच नाखूष असतो. हवेत हजार अंशांकडे जाता जाता तो ऑक्सिजन सोडायला लागतो आणि पदार्थ टप्प्याटप्प्याने उतरत जातो. आमच्याकडे या फेजना, म्हणजे वेगवेगळ्या रचनेच्या घन रूपांना, आकड्यांनीच हाक मारतात: ११३ म्हणजे तुमचा निकेलेट, त्याखाली ४३१० (लँथॅनम चार, निकेल तीन, ऑक्सिजन दहा), मग ३२७ आणि शेवटी २१४. खालच्या या तिघांची रचना थराथरांची असते. ११३मध्ये निकेल +३, ४३१०मध्ये सरासरी २.६७, ३२७मध्ये २.५, २१४मध्ये २. प्रत्येक पायरीला लँथॅनमच्या मानाने निकेल कमी होतो, आणि तो बाहेर पडलेला निकेल 'निकेल ऑक्साइड' म्हणून एक्सआरडीत ३७.३ आणि ४३.३ अंशांना हजर होतो. पुरतं विघटन झालं तर हिशोब असा: चार ११३ मिळून दोन २१४, दोन निकेल ऑक्साइड आणि एक ऑक्सिजन रेणू. तुम्ही निकेल ऑक्साइड घालवायला तापमान वाढवलंत आणि त्याच तापमानाने तो तयार होत राहिला.

ती दोन 'अनोळखी' शिखरं बहुधा याच थरांच्या कुटुंबातली आहेत. तांब्याच्या क्ष-किरणांवर २१४चं सर्वांत मोठं शिखर ३१.४च्या आसपास येतं, ३२७चं ३२च्या जवळ, ४३१०चं त्याच्या किंचित पुढे आणि ११३चं ३३च्या जरा अलीकडे. घाईघाईत स्कॅन केलं की ही सगळी मिळून एक ओबडधोबड डोंगर दिसतो. ३० ते ३५ हा भाग हळू, लहान टप्प्यांनी स्कॅन करा. आणि स्कॅन २०पासून सुरू करायची सवय असेल तर मोडा. थरांच्या रचनेची खरी ओळख खाली असते: २१४चं १४ अंशांना, ३२७चं ८.६ला, ४३१०चं ६.३ला. ही शिखरं बारीक असतात, पण दिसली की वादच संपतो.

मात्र निकेल ऑक्साइड दिसण्याचं कारण एकच असेल असं नाही. दुसरं कारण तुमच्या बाटलीत आहे. लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू हायड्रॉक्साइड बनतो. पांढरी पूड होती, पांढरीच राहते, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. पूर्ण हायड्रॉक्साइड झालेली पूड ऑक्साइड समजून तोललीत तर लँथॅनम १४ टक्के कमी पडतो. म्हणजे शंभरातल्या चौदा निकेलना जोडीदारच मिळत नाही, मग तुम्ही भट्टीत काहीही करा. उपाय जुनाच आहे: आदल्या रात्री ९०० ते १००० अंशांना तापवायचं, भट्टी दोन-तीनशेपर्यंत उतरली की गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) टाकायचं आणि निवल्याबरोबर तोलायचं. तोलताना आकडा सावकाश वर सरकताना दिसला तर पूड तुमच्या डोळ्यांदेखत पाणी पीत आहे असं समजा.

दोन कारणांतलं आपलं कोणतं हे ओळखायला वेगळं यंत्र लागत नाही. निकेल ऑक्साइडसोबत २१४, ३२७ किंवा ४३१० दिसत असेल तर विघटन झालंय, किंवा अभिक्रिया अर्धवट राहिलीय. नुसता ११३ आणि निकेल ऑक्साइड दिसत असेल तर तोलण्यात चूक आहे. उलट लँथॅनम जास्त पडला असेल तर त्याचा पत्ता उशिरा लागतो. माझी एक चकती कपाटात व्यवस्थित ठेवलेली होती. पंधरा दिवसांनी डबी उघडली तर आत भाजणीच्या पिठासारखा चुरा. उरलेला लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी पिऊन फुगला आणि त्याने आतूनच चकती फोडली. एक्सआरडीत तो जेमतेम दिसला होता आणि मी 'नॉइज' म्हणून सोडून दिला होता.

आता मुख्य अडचण. खलात घोटून भाजायच्या पद्धतीत दाणे काही मायक्रॉनचे असतात आणि आयनांना एका दाण्यातून दुसऱ्यात सरकत जावं लागतं. अंतर दहापट वाढलं तर वेळ शंभरपट लागतो. ९००च्या खाली ही सरकासरकी इतकी मंद असते की आठवडा जाईल, आणि वर गेलं तर ११३च टिकत नाही. ही खिंड फार अरुंद आहे. ज्या ऑक्साइडांना १२०० ते १४०० अंश खुशाल चालतात, उदाहरणार्थ स्ट्रॉन्शियम टायटनेट, तिथे घोटा-भाजा-पुन्हा घोटा ही पद्धत उत्तम चालते आणि मी तिथे दुसरं काही सुचवणारही नाही. तुमच्या पदार्थासाठी मात्र अंतरच कमी करायला हवं. धातू द्रावणातच अणूच्या पातळीवर मिसळलेले असले तर १० मायक्रॉनच्या जागी काही नॅनोमीटर पार करायचे राहतात आणि ७५० ते ८०० अंश पुरतात.

त्यासाठी सायट्रेट जेलची पद्धत घ्या. पेचिनी यांनी १९६७ साली टायटनेट वगैरेंसाठी पेटंट घेतलेल्या कृतीचीच ही धाकटी बहीण. लँथॅनम आणि निकेलची नायट्रेटं पाण्यात विरघळवायची, एकूण धातूंच्या दुप्पट मोल सायट्रिक आम्ल आणि थोडं इथिलीन ग्लायकॉल घालायचं. इथेही तोलण्याचा सापळा आहेच. बाटलीवर 'हेक्झाहायड्रेट' लिहिलेलं असलं तरी आत पाण्याचे सहाच रेणू असतील याची खात्री नसते. प्रत्येक नायट्रेटचा एक ग्रॅम वेगळा भाजून किती ऑक्साइड उरतो ते काढा आणि त्यावरून तोला. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते टाळणाऱ्यांचे महिने गेलेले मी पाहिलेत.

द्रावण हिरवं असतं. ८० ते ९० अंशांना ढवळत ठेवलं की तासाभरात ते काकवीसारखं जड होतं आणि चुंबकाचा ढवळणारा तुकडा अडखळायला लागतो. मग तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा असतो, त्यामुळे हे सगळं फ्यूम हूडमध्येच, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच, करायचं. यानंतर जेल अचानक फुगतं. पन्नास मिली द्रावणासाठी पाचशे मिलीचा बीकर घ्या असं सांगितलं की नवे विद्यार्थी हसतात, आणि पहिल्या खेपेनंतर हॉटप्लेट खरवडत बसतात. सामू वाढवायला अमोनिया घालायचा मोह होईल. तो घातला की निकेलचा रंग हिरव्याचा निळा होतो, दिसतोही छान, पण त्यासोबत अमोनियम नायट्रेट तयार होतं आणि कोरडं झालेलं जेल पेट घेऊ शकतं.

पेट घेणं हीही एक रीतसर पद्धत आहे, बरं का. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्सली आणि पाटील यांनी १९८८मध्ये ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरियाचं द्रावण ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून काही मिनिटांत ॲल्युमिना मिळवला होता. नायट्रेट ऑक्सिजन देतो, युरिया जळतो, एका ॲल्युमिनियम नायट्रेटला अडीच युरिया. ज्वाला आतल्या आत इतकी तापते की बाहेरची भट्टी फक्त काडी लावायचं काम करते. ॲल्युमिनासारख्या ऑक्सिजन न सोडणाऱ्या पदार्थाला हे झकास. तुमच्या +३ निकेलला मात्र क्षणभराची ती ज्वाला आणि तिच्यातलं अर्धवट जळलेलं इंधन दोन्ही बाधतात, म्हणून तुमच्यासाठी ही माझी पहिली निवड नाही. ऑटोक्लेव्हमधली, म्हणजे बंद भांड्यात दाबाखाली पाणी तापवायची, जलऔष्णिक पद्धतही इथे बाजूला ठेवतो. झिंक ऑक्साइड किंवा बेरियम टायटनेटचे बारीक स्फटिक हवे असतील तेव्हा तिचं पाहू.

जेल ३०० अंशांना जाळून काळी, हलकी राख मिळवा, ती खलात हलक्या हाताने दळा, ६०० अंशांना काही तास ठेवून कार्बन घालवा. इथे अधेमधे लँथॅनमचा ऑक्सिकार्बोनेट दिसेल, त्याला घाबरू नका. मग चकती दाबून ७५० ते ८०० अंशांना एक दिवस, आणि तेही शुद्ध ऑक्सिजनच्या प्रवाहात. हवेत ऑक्सिजनचा दाब ०.२१ वातावरण असतो, नळीच्या भट्टीतून ऑक्सिजन सोडला की तो १ होतो. एवढ्या फरकाने ११३ अधिक वरच्या तापमानापर्यंत टिकतो. थंड करताना मिनिटाला एक-दोन अंश एवढाच वेग ठेवा आणि ४००-५००च्या दरम्यान काही तास थांबा. तापलेल्या पदार्थाने सोडलेला ऑक्सिजन तो याच उतरणीवर परत घेतो. भट्टी बंद करून घरी गेलात तर ही वेळ त्याला मिळत नाही.

याचा धडा मला इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडने दिला. १९८६मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडात ३० केल्विनच्या पुढची अतिसंवाहकता (रोध शून्य होणं; असा पदार्थ चुंबकाला वर तरंगवतो) दाखवली आणि पुढच्याच वर्षी हा इट्रियमवाला ९३ केल्विनला पोचला. द्रव नायट्रोजन ७७चा, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेतही तो तपासता येऊ लागला. मी बनवलेली पहिली चकती एक्सआरडीत ठीकठाक होती. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली, वर चुंबक ठेवला, तो तसाच पडून राहिला. कारण भट्टीतून मी ती लाल असतानाच काढली होती. तीच चकती रात्रभर ४५० अंशांना ऑक्सिजनमध्ये ठेवली आणि सकाळी चुंबक तरंगला. धातू तेच, प्रमाण तेच, फक्त सात ऑक्सिजनपैकी काही अंश परत आला होता. हाच ऑक्सिजन सुमारे ६.३५च्या खाली गेला तर तो पदार्थ अतिसंवाहक राहतच नाही.

तुमच्या रोधाची भानगडही इथेच येते, पण अर्धीच. ११३ हा धातूसारखा वाहक आहे, अगदी कमी तापमानापर्यंत. हे त्याच्या भावंडांत वेगळेपण आहे: निओडिमियमचा निकेलेट सुमारे २०० केल्विनच्या खाली विसंवाहक होतो, समेरियमचा ४००च्या आसपासच. लँथॅनमचा आयन मोठा, त्यामुळे निकेल-ऑक्सिजन-निकेल ही साखळी बऱ्यापैकी सरळ राहते. आयन लहान झाला की साखळी वाकते आणि इलेक्ट्रॉनची वाट बिकट होते. ११३मधून ऑक्सिजन काढत गेलात, तीनाचा अडीच केलात, तर तोही अर्धवाहक होतो. म्हणून रोध बदलला म्हणजे ऑक्सिजन बदलला हा संशय रास्त आहे.

उरलेला अर्धा भाग चकतीचा आहे. ११३ उंच तापमानाला भाजता येत नसल्याने तुमची चकती सच्छिद्र राहते, दाणे एकमेकांना जेमतेम टेकलेले. तिथे मोजला जाणारा रोध पदार्थाचा कमी आणि दाण्यांमधल्या सांध्यांचा जास्त असतो. दोन प्रोबने मोजत असाल तर तारेचा सांधाही त्यात मिसळतो. चार प्रोब वापरा (दोन तारांतून विद्युतप्रवाह, दुसऱ्या दोनांवर व्होल्टेज), प्रत्येक चकतीची घनता वजन आणि मापावरून काढून शेजारी लिहा, आणि रोधाच्या आकड्यापेक्षा त्याचा कल बघा. थंड करताना रोध उतरतोय की चढतोय? उतरत असेल तर आकडा मोठा असला तरी आत धातूच आहे.

ऑक्सिजन मोजायचे दोन रस्ते आहेत. पहिला थर्मोग्रॅव्हिमेट्रीचा, म्हणजे तापवताना वजन मोजत राहायचा: आर्गॉनमध्ये ५ टक्के हायड्रोजन मिसळून नमुना तापवायचा, शेवटी लँथॅनम ऑक्साइड आणि निकेल धातू उरतो. ऑक्सिजन नेमका तीन असेल तर वजन ९.७७ टक्के घटतं, २.९ असेल तर ९.१८ टक्के. ५० मिलिग्रॅम नमुन्यात हा फरक ०.३ मिलिग्रॅम एवढाच, म्हणून रिकाम्या पात्राची एक फेरी आधी करून ती वजा करणं भाग आहे. नमुन्यात थोडा निकेल ऑक्साइड शिल्लक असेल तर तोही ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे आधी फेज शुद्ध हवी. दुसरा रस्ता आयोडीन अनुमापनाचा: पोटॅशियम आयोडाइडसह सौम्य आम्लात, हवा काढून टाकून नमुना विरघळवायचा. +३ निकेल आयोडीन मोकळं करतो आणि ते थायोसल्फेटने मोजायचं. यंत्र नाही म्हणून अडून बसू नका, या जुन्या पद्धतीवर माझा जास्त भरवसा आहे.

आता 'नवा पदार्थ' या प्रश्नाकडे. शिखर ओळखता आलं नाही म्हणजे ते नवं, असं मानायच्या आधी तुमच्या मुशीकडे बघा. ॲल्युमिनाच्या मुशीशी लँथॅनम हमखास अभिक्रिया करतो. त्यातून होणारा लँथॅनम ॲल्युमिनेट ११३सारख्याच पेरोव्स्काइट रचनेचा, त्यामुळे वेगळं शिखर न येता तुमचंच शिखर किंचित सरकलेलं दिसू शकतं आणि त्यावर लोक 'जालक आकुंचनाचे' परिच्छेद लिहितात. चकती त्याच पुडीच्या थरावर ठेवून भाजा आणि मुशीला टेकलेला भाग फेकून द्या. झिर्कोनियाच्या गोळ्यांनी दळत असाल तर लँथॅनम झिर्कोनेट शोधा.

आणि ३२७बद्दल एक गंमत सांगायची राहिली. तुम्ही जी अशुद्धी म्हणून हाकलायला निघालात त्यांपैकीच हा एक. कित्येक दशकांपासून माहीत असलेला, फारसं कुणी न विचारणारा पदार्थ. २०२३मध्ये चीनमधल्या गटाने त्याचे स्फटिक १४ गिगापास्कलच्या वर दाबले आणि ८० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची चिन्हं दिसल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी २०१९मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने निओडिमियम-स्ट्रॉन्शियम निकेलेटच्या पातळ थरातून कॅल्शियम हायड्राइडने ऑक्सिजन खेचून काढला, तिनाचे दोन केले, आणि ९ ते १५ केल्विनला अतिसंवाहकता मिळवली. भट्टीत थेट तापवून तो पदार्थ मिळत नाही. आधी जास्त ऑक्सिजनचा सांगाडा उभारायचा आणि मग तीनशेच्या खालच्या तापमानाला, सांगाडा न हलवता, हव्या त्या जागचाच ऑक्सिजन काढायचा. ऑक्साइडांत आज मला सर्वांत जास्त जीव दिसतो तो या असल्या कामात.

त्याच २०२३च्या जुलैत तांबं घातलेल्या शिशाच्या ॲपेटाइटचा, एलके-९९चा, गाजावाजा झाला होता. खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक म्हणून. रोधात एकदम पडणारी ती पायरी नमुन्यातल्या कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीची होती, तिची रचना शंभर अंश सेल्सिअसच्या थोडं वर बदलते. तुमच्या चकतीत निकेल ऑक्साइड, ११३ आणि थरांच्या कुटुंबातल्या दोन फेज एकत्र आहेत. त्यावर मोजलेला कुठलाही गुणधर्म चौघांचा मिळून आहे, त्यामुळे तो आलेख सध्या कुठेही पाठवू नका.

पुढची खेप लावताना एक खबरदारी घ्या. निकेल ऑक्साइडची पूड श्वासातून जाणं कर्करोगकारक मानलं जातं. दळणं आणि चकती दाबणं ही दोन्ही कामं हूडमध्ये, मास्क लावून करा, खल कोरड्या फडक्याने झटकू नका, ओल्याने पुसा. आणि पुन्हा विचाराल तेव्हा ५ ते ३५ अंशांचा हळू केलेला स्कॅन, लँथॅनम ऑक्साइड भाजण्याआधीचं आणि नंतरचं वजन, आणि मूस कशाची होती हे तिन्ही सोबत द्या.